पांढरी खिडकी

जळमट्याला आईबापांनी एक चांगलंसं नाव दिलं होतं, पण ते आता विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. बंद पडलेली वेड्यांची इस्पितळं हुडकायची, कुंपणाच्या भगदाडातून आत शिरायचं आणि फोटो काढायचे, हा ज्याचा छंद, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? पोटासाठी तो लग्नांचे फोटो काढी; पण नवरीपेक्षा कोळिष्टक बघून त्याचा चेहरा जास्त खुलतो, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगे. एकदा म्हणे एका ओसाड वॉर्डात तो श्वास रोखून इतका वेळ उभा राहिला, की कोळ्याने त्याच्या कानापासून कॅमेऱ्याच्या तिपाईपर्यंत जाळं विणलं. ते तुटू नये म्हणून हा गडी दिवे लागेपर्यंत मान वाकडी करून तसाच उभा. खरंखोटं तो कोळी जाणे. पण मान मात्र तेव्हापासून थोडी वाकडी आहे, ती कुणीही बघून घ्यावी.

जळमट्याचा एक नियम होता: तिथली वस्तू हलवायची नाही. खाट वाकडी तर वाकडी, दार अर्धं उघडं तर अर्धं. पालथी पडलेली चप्पलसुद्धा तो सरळ करत नसे. घरातही करत नसे, हे बायकोचं म्हणणं.

त्याच्या बैठकीच्या खोलीत एकच फोटो टांगलेला होता. त्याचा पहिला, फिल्मवर काढलेला, बक्षीस मिळालेला. नुकत्याच बंद पडलेल्या एका इस्पितळातला बायकांचा वॉर्ड, एक लोखंडी खाट, खाटेमागे उंच खिडकी, आणि खिडकीतून आत कोसळणारा पांढराफेक उजेड. परीक्षक म्हणाले होते, ही खिडकी नाही, मुक्ती आहे. जळमट्याने ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं आणि पाहुण्यांना चहा देता देता तो ते सहज सुचल्यासारखं म्हणत असे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि म्हातारीने पहिल्यांदा सुनेला बघून "तू एवढी वाळलीस कधी?" विचारलं, मुलाला बघून "तू एवढा सुटलास कधी?" विचारलं, आणि मग ती भिंतीपुढे जाऊन उभी राहिली.

"हे काय रे?"

"आई, माझा बक्षिसाचा फोटो. किती वर्षं इथेच तर आहे."

"मला वाटायचं कॅलेंडर आहे." ती आणखी पुढे सरकली. "ही तिथलीच ना खोली? धाकटीची?"

"हो, बायकांचा वॉर्ड. एकच लांबलचक दालन होतं. खिडक्या सगळ्या एकाच अंगाला."

"मग बाहेर काय आहे?"

"उजेड आहे."

"उजेड मलाही कळतो, आत्ताच डोळे करून आलेय. उजेडाच्या पलीकडे काय आहे?"

"आई, कॅमेऱ्याला एका वेळी एकच जमतं. आतला अंधार नीट यायचा तर बाहेरचं पांढरं होतं. सगळेच असं काढतात."

"म्हणजे तू त्या खिडकीपुढे उभा होतास?"

"होतो."

"आणि बाहेर बघितलं नाहीस?"

"मी उजेड मोजत होतो गं!"

आईने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की मोतीबिंदू होता तोच बरा होता, असं जळमट्याला वाटलं.

आता ही धाकटी म्हणजे आईची धाकटी बहीण, जळमट्याची मावशी. तरुणपणी आईच्याही आधी हट्टाने लग्न करून गेली, ते मोडून माहेरी परत आली, आणि जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून बसे. तेव्हा घरातला कर्ता थोरला भाऊ, म्हणजे जळमट्याचा मामा. त्याने तिला त्या इस्पितळात नेऊन ठेवलं. तिथे ती हळूहळू बोलायला लागली, जेवायला लागली, हसायलाही लागली. पण भेटायला गेलं की सांगे, "माझ्या खिडकीबाहेर घराएवढी केटली आहे. दुपारी उकळते." भेटीगाठी पुढच्या खोलीत होत, मागच्या वॉर्डात कुणाला सोडत नसत. मामा म्हणाला, "झालं! घराएवढी केटली दिसतेय हिला. बरी कुठली?" आणि मावशी तिथेच राहिली. तिथेच गेली.

आईचं म्हणणं, ती म्हणाली केटली तर केटली असणार; धाकटी रुसायची, रडायची, पण थापा मारणारी नव्हती. यावरून भावाबहिणीचं जे जुंपलं ते म्हातारपणापर्यंत. मामाच्या घरात आजीआजोबांचे फोटो शेजारीशेजारी लावलेले. तिथे धाकटीचाही लावू, असं आईने म्हटलं की मामा काठी आपटे. "वेडीचा फोटो भिंतीवर नको. केटली दाखव, मी स्वतः लावतो. खिळासुद्धा मीच ठोकीन!" तेव्हापासून धाकटीचा फोटो आईच्या कपाटात कपड्यांखाली उताणा पडून होता. आता आईही थकली होती आणि मामाही. दोघांतलं आधी कोण जाणार, याची कुणालाच खात्री नव्हती, आणि वाद अर्धा टाकून जायला दोघांपैकी एकही तयार नव्हतं.

"मला केटली काढून दे," आई म्हणाली. "बाकी तुझं बक्षीस तुला लखलाभ."

जळमट्या कामाला लागला. आधी त्याने कम्प्युटर उघडला. त्या इस्पितळात तो नंतरही जाऊन आला होता. एकेक फोटो मोठा करून बघितला. खिडकी पांढरी. दुसरी, पांढरी. मग त्याने चिडून बाकीची इस्पितळंही चाळली. डोंगरावरचं, नदीकाठचं, जळालेलं, बुडालेलं. जणू जगातल्या झाडून सगळ्या वेड्यांच्या इस्पितळांबाहेर बारा महिने दाट धुकंच पडलेलं असतं. एवढ्या खिडक्यांपुढे तो उभा राहिला होता, आणि कुठल्याच एकीतून बाहेर काय दिसतं हे त्याला सांगता आलं नसतं.

"अहो, तिथे जाऊनच या ना," बायको म्हणाली. "इथे बसून माऊस आपटून केटली पडणार आहे का?"

गेला. फाटकावर पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. पूर्वी भगदाडातून शिरावं लागे. आता पहारेकऱ्यानेच हात करून आत बोलावलं.

"फोटोवाले ना? जरा थांबा. आत एक साहेब आहेत. त्यांची बाहुली बसवून व्हायचीय."

"कसली बाहुली?"

"एका डोळ्याची. चाकाच्या खुर्चीत बसवतात, खिडकीपाशी. मागच्या साहेबांनी बूट ठेवला होता. त्याआधीच्यांनी पिंजरा आणला होता. इस्पितळ चालू होतं तेव्हा इतकं सामान नव्हतं बघा इथे."

जळमट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आत गेला तर एक टोपीवाला फोटोग्राफर पिशवीतून मूठ मूठ धूळ काढून बाहुलीच्या डोक्यावर भुरभुरवत होता.

"इथली धूळ नाही पुरत तुम्हाला?" जळमट्या कडाडला.

"इथली फार बारीक आहे," टोपीवाला शांतपणे म्हणाला. "फोटोत येत नाही. मी घरून आणतो. तुम्ही ते पांढऱ्या खिडकीवाले ना? काय तो उजेड! मुक्ती, मुक्ती!"

आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द जळमट्याला झोंबला. त्याने खिडकी गाठली, काच पुसली आणि बाहेर बघितलं. हातभर अंतरावर भिंत. कुठल्याशा नव्या इमारतीची पाठ, तिच्यावर एसीचं खोकं, आणि त्या खोक्यातून गरम हवेचा भपकारा थेट त्याच्या तोंडावर. दुसरी खिडकी, तीच भिंत. शेवटच्या खिडकीबाहेर तेवढं कुणाचं तरी धुणं वाळत होतं.

"इथे पूर्वी केटली होती का हो?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"चहा पाहिजे का? कोपऱ्यावर मिळेल."

कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, भिंतीच्या जागी भांड्यांचा कारखाना होता खरा. वर काहीतरी बसवलंही होतं. काय बरं? हां, कोंबडा. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच ठेवून बाहेर डोकावला. "कोंबडा कुठला? घड्याळ होतं. बंद पडलेलं." यावर त्या दोघांची जुंपली, आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने म्हणालं, कारखाना इथे नव्हताच, तो स्टेशनाकडे होता.

जळमट्या घरी आला तो धुमसतच.

"काय मिळालं?" आईने विचारलं.

"कोंबडा आणि घड्याळ!" त्याने पिशवी आदळली. "नाही तिथे केटली! असली तरी नाही! आणि मी काय करू? तेव्हा बघितलं नाही, चुकलं. आता काय त्या फोटोत घुसून बाहेर डोकावू?"

आई उठली, कपाट उघडलं, कपड्यांखालचा फोटो काढून पदराने पुसला आणि परत होता तिथे ठेवून दिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जळमट्या भिंतीवरच्या फोटोपुढे येऊन उभा राहिला. मुक्ती! दळभद्री मुक्ती! आणि तसाच कपाळावर हात मारून घेणार, तोच त्याचा हात मधेच थांबला. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. इथे पांढरं ते तिथे काळं. आणि काळं म्हणजे रिकामं नव्हे. उलट तिथे सगळ्यात जास्त काहीतरी येऊन पडलेलं असतं. बाहेरचं जे होतं ते फिल्मवर बसलंच होतं, दाबून, थरावर थर. कागदावर उतरवताना यानेच घाई केली होती, कारण याला आतला अंधार हवा होता.

"अगं, माझी डार्करूम!" तो ओरडला.

"कुठली?" बायको म्हणाली. "इस्त्रीची खोली म्हणताय का?"

डार्करूमचा केव्हाच कारभार बदलला होता. निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या मानेवर ओले टॉवेल वाळत होते, रसायनांच्या ट्रेमध्ये बायकोच्या चपलांचे जोड होते, आणि लाल दिव्याची लाल टोपी म्हणे पोराने लहानपणी पतंगासारखी उडवून दिली होती. एक गादी बाहेर काढली तर मागे दोन निघाल्या. शेवटी बाहेरच्या खोलीत गाद्यांचा असा ढीग लागला की आईला बसल्या जागेवरून छताला हात लागायला लागला.

नवी रसायनं आणली, कागद आणला, लाल दिव्याला टोपीऐवजी लाल कागद गुंडाळला. मग निगेटिव्ह सापडेना. ते सापडलं तेव्हा एन्लार्जरचा दिवा लागेना. दिवा लागला तेव्हा बायको दार ठोठावू लागली.

"अहो, माझी इस्त्री आत राहिलीय!"

"उघडू नकोस! कागद जळेल!"

"सुरकुतलेलं नेसून जाऊ का मी?"

निगेटिव्हची चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू खाली, हे जळमट्याला झोपेतही माहीत होतं. पण झोपेतली गोष्ट वेगळी आणि दारावर इस्त्रीसाठी थापा पडत असतानाची वेगळी. त्याने पट्टी खाचेत सरकवली, एन्लार्जरची मान चढवत पार छताला नेली, खाट, भिंत, फरशी सगळं कागदाबाहेर घालवलं, आणि खालच्या कागदावर फक्त खिडकी उरवली. पहिला कागद कोरा आला. दुसरा राखाडी. तिसरा असा काळा, की त्यात रात्र सोडून काही नव्हतं. एकेका कागदागणिक तो स्वतःला, कॅमेऱ्याला, परीक्षकांना आणि टोपीवाल्याला अशा शिव्या देत होता की दाराबाहेर बायकोने सासूच्या कानांवर हात ठेवले. सासूने ते काढले.

मग एका कागदावर त्याने उजेड मोजून मोजून धरला. कागद ट्रेमध्ये सोडला. आधी काहीच नाही. मग एक तिरकी रेघ, छपरासारखी. मग छपरावर काहीतरी गोल, फुगीर. गोलाला कान फुटला. दुसऱ्या बाजूने तोटी वर आली, झाकण आलं, झाकणावरचा गोटा आला.

कागद दुसऱ्या ट्रेमध्ये पक्का झाल्यावर जळमट्याने दार उघडलं. बायको इस्त्रीसाठी आत घुसली आणि ट्रेवर वाकली.

"अगंबाई," ती म्हणाली. इस्त्री तिथेच राहिली.

आईने ओला कागद दोन्ही हातांत धरला, नव्या डोळ्यांनी नीट बघितला. रडली नाही, हसली नाही. "चल," म्हणाली. "दादाकडे."

मामा खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मागे भिंतीवर आजी आणि आजोबा, मधे वीतभर जागा. आईने एका हाताने केटली त्याच्या मांडीवर ठेवली, दुसऱ्या हाताने पिशवीतून हातोडी आणि मूठभर खिळे काढून टेबलावर ठेवले.

मामाने भिंग मागवलं. "हा डाग आहे," म्हणाला.

"कान आणि तोटी असलेला डाग?" जळमट्या म्हणाला.

"हल्ली कम्प्युटरवर काय वाटेल ते करता येतं. परवा पेपरात हत्ती झाडावर बसलेला होता."

"मामा, ही फिल्म आहे! कम्प्युटरचा काही संबंध नाही! माझ्या हाताने, अंधारात, गाद्या उपसून..."

"असेल. पण ही उकळतेय कुठे? ती म्हणायची उकळते."

"फोटो आहे तो! फोटोत उकळलेलं कसं ऐकू येणार?"

"मग केटली आहे हे सिद्ध झालं, उकळते हे नाही," मामाने वकिली थाटात भिंग खाली ठेवलं. जळमट्याने दोन्ही हातांनी स्वतःचे केस धरले. एवढी भिंत, एवढा एसी, एवढा कोंबडा, आणि शेवटी हे! आईचा दादा पुन्हा भिंग उचलत होता, ते ती बघत होती.

"आणि भाच्या," मामा कागद हलवत म्हणाला, "कलाकार म्हणवतोस, तर काम तरी नीट करावं. तोटी उलटीकडे केलीस."

"मी काही केली नाही मामा. होती तशी आहे ती."

"कशी होती तशी? तोटी या अंगाला नव्हतीच. डावीकडे होती, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून. इथे तर उजवी..."

मामा थांबला. भिंग हातात तसंच राहिलं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा जळमट्याला रागच आला, आणि तोही स्वतःच्या कामाला नावं ठेवली म्हणून. मग त्याला इस्त्री आठवली, थापा आठवल्या. पट्टी खाचेत सरकवताना चकचकीत बाजू कुठे होती? त्याने कागद उचलला, खिडकीशी नेला आणि उजेडावर धरून पाठीमागून बघितला. तोटी डावीकडे आली. शिकाऊ पोराने करावी तशी चूक केली होती त्याने. निगेटिव्ह पालथं घातलं होतं. मामा बरोबर होता.

"दादा," आई म्हणाली, अगदी हळू. "तू तर मागच्या वॉर्डात कधी गेलाच नव्हतास."

मामा काठीच्या मुठीकडे बघत राहिला.

"एकदा गेलो होतो. मोठ्या डॉक्टरांनी नेलं. म्हणाले, बाई बरी आहे, घरी न्या. मी म्हटलं, केटलीचं बोलते. ते हसले. मला खिडकीशी घेऊन गेले." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "दुपारच होती. कारखान्यातली वाफ तिच्या तोटीतून सोडायचे. शिट्टीही व्हायची."

"मग?"

"मग काय. घरी आलो. तुझं लग्न ठरत होतं. वेड्यांच्या इस्पितळातून आलेली बहीण घरात दिसली असती, तर मोडलं असतं."

ते लग्न झालं होतं म्हणूनच तर जळमट्या तिथे उभा होता, वाकड्या मानेने, हातात उलटी केटली घेऊन. जन्मभर त्याने ओसाड खोल्यांमध्ये कोण राहत होतं याची हळहळ केली होती.

"मला विचारलं होतंस?" आई म्हणाली.

मामाने मान हलवली. नाही.

आईने पिशवीतून धाकटीचा फोटो काढला आणि टेबलावर हातोडीशेजारी ठेवला. मामा काठीवर जोर देत उठला. त्याने हातोडी उचलली. पहिल्याच घावाला खिळा वाकला आणि भिंतीचा पोपडा आजोबांच्या फोटोच्या चौकटीवर येऊन पडला. दुसरा खिळा हातातून निसटून कपाटाखाली गेला. जळमट्या हातोडी घ्यायला पुढे झाला.

"तू मधे पडू नकोस," आई म्हणाली. "तुझा नियमच आहे ना, काही हलवायचं नाही? मग उभा राहा तिथे."

तो उभा राहिला. मामाने तिसरा खिळा घेतला, भिंतीवर टेकवला, आणि मागे न बघता विचारलं, "आईच्या बाजूला लावू की बाबांच्या?"

"तूच ठरव, दादा," आई म्हणाली. "बाजू तुला बरोबर लक्षात राहतात."